काट्यावर तेच ५८ किलो : हार्ट फेल्युअरच्या एका रुग्णाच्या जेवणाचं प्रकरण

रुग्ण ६८ वर्षांचे, ठाण्यातल्या चेंदणी कोळीवाड्यातले, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. इथे त्यांना काका म्हणते, कारण पहिल्या दिवसापासून मी त्यांना तेच म्हणत आले. २०१९ साली मोठा हार्ट ॲटॅक, एक स्टेंट आणि तेव्हापासून हृदयाचा डावा कप्पा पसरलेला. घरचे म्हणतात तसं, ‘पंपिंग तीस टक्के’, म्हणजे दर ठोक्याला त्या कप्प्यातलं तीस टक्केच रक्त पुढे ढकललं जातं. हृदय असं थकून शरीराला पुरेनासं होतं, तेच हार्ट फेल्युअर. मार्च ते जून या चार महिन्यांत पायांची सूज आणि धाप यासाठी दोनदा दाखल व्हावं लागलं होतं. औषधं योग्य होती आणि वेळेवर घेतली जात होती. सॅक्युबिट्रिल-व्हाल्सार्टन, बिसोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन, डापाग्लिफ्लोझिन आणि लघवीची गोळी म्हणून फ्युरोसेमाइड.

मी आहारतज्ज्ञ. जुलैच्या पहिल्या आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. चिठ्ठीवर तीन छोटी वाक्यं होती : ‘खात नाहीत. वजन स्थिर. कृपया पाहावे.’

या प्रकरणातली सगळी गुंतागुंत त्या मधल्या दोन शब्दांत होती.

पहिली भेट

फाइल घेऊन सून पुढे, मागे काकू, मधे भिंतीला हात लावत काका. सून बँकेत नोकरीला, कामात अतिशय नीटस. डिस्चार्ज कार्ड तिने प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलं होतं. आहाराच्या रकान्यात इतकंच लिहिलेलं : ‘मीठ बंद, पाणी १ लिटर.’ तिने ते शब्दशः पाळलं होतं. काकांचं जेवण वेगळ्या पातेल्यात, सगळं अळणी. कालवण अळणी, भाजी अळणी, वरण अळणी. पाण्याची लिटरची बाटली सकाळी भरायची आणि ती संपली की दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी नाही.

आदल्या दिवशी काय खाल्लं, ते मी घासाघासाने विचारलं. सकाळी चहा आणि दोन टोस्ट. दुपारी अर्धी तांदळाची भाकरी, दोन-तीन चमचे वरण, भाजीला हात लावला नाही. संध्याकाळी चहा. रात्री वाटीभर पेज. त्याआधीच्या दोन दिवसांचा पाढाही जवळपास तोच. हिशेब मांडला तर दिवसाला जेमतेम ९०० कॅलरी आणि २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. त्यांच्या शरीराला निदान १५०० कॅलरी आणि ६० ग्रॅम प्रथिनं लागत होती. अमेरिकेतल्या हार्ट फेल्युअर सोसायटीने २०१९ साली आपल्या एकमत निवेदनात दर किलो वजनामागे किमान १.१ ग्रॅम प्रथिनं सुचवली आहेत. मी तोच आकडा धरला.

‘पोट लगेच गच्च होतं,’ काका म्हणाले. ‘दोन घास गेले की पुरे वाटतं.’

घरच्यांना हा हट्ट वाटत होता. तो हट्ट नव्हता. हृदय थकलं की रक्त मागे तुंबतं आणि सूज फक्त पायांवर येत नाही. यकृत फुगतं, आतड्यांच्या भिंतींना पाणी सुटतं. अशा पोटाला भूक लागत नाही, दोन घासांत तड लागते आणि जे खाल्लं जातं तेही नीट अंगी लागत नाही. वर अळणी जेवण. ज्या माणसाने साठ वर्षं कालवण-भाकरी खाल्ली, त्याच्यापुढे मीठ नसलेलं चिंबोरीचं कालवण ठेवलं तर ताट मागे सरकणारच.

काटा काय लपवत होता

मार्चमध्ये ५८ किलो, जूनमध्ये ५८, माझ्याकडे आले तेव्हाही ५८. कागदावर अगदी समाधानकारक.

पण सदऱ्याचा खांदा दंडावर उतरला होता. कानशिलं आत गेलेली, गळ्याजवळची हाडं वर आलेली, बोटातली अंगठी काकूंनी दोरा गुंडाळून घट्ट केलेली. आणि घोट्याच्या वर बोट दाबलं तर खड्डा पडून राहत होता. पकडीची ताकद मोजली, उजव्या हाताची १७ किलो. आशियाई पुरुषांसाठी २८ किलोच्या खाली ती कमी समजतात.

म्हणजे वजन स्थिर नव्हतंच. स्नायू उतरत होते, पाणी चढत होतं आणि काटा दोन्हींची बेरीज दाखवत होता. माझ्या अंदाजाने त्यांचं कोरडं वजन ५४ च्या आसपास असावं, म्हणजे बाकीचे चार किलो पाणी. सूज वगळता बारा महिन्यांत वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त घट झाली तर हृदयरोगामुळे शरीर झिजू लागल्याचा संशय घ्यायचा असतो. वैद्यकात त्याला कार्डियाक कॅकेक्सिया म्हणतात. हा रुग्णाच्या आयुष्याची दोरी तोकडी करणारा प्रकार आहे. तरीही डिस्चार्ज कार्डावर त्याच्यासाठी रकानाच नसतो याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

मीठ कुठून येत होतं

सूज मात्र एका प्रश्नाचं उत्तर मागत होती. घरात मीठ बंद, मग पाणी साठतंय कशाच्या जोरावर?

‘मीठ किती खाता?’ हा प्रश्न मी विचारत नाही, त्याचं उत्तर नेहमी ‘कमीच’ असतं. मी विचारते, महिन्याला मिठाच्या किती पिशव्या येतात? आजारपणाआधी पाच माणसांत दोन किलो येत होतं. माणशी रोज १३ ग्रॅम झालं. मासे धुवायला लागणारं वजा केलं तरी दहाच्या घरात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५ ग्रॅमच्या आत आहे.

हे आधीचं. आताचं काय, ते काकूंनी सांगितलं, तेही सून काकांचं वजन करायला बाहेर घेऊन गेली तेव्हा. पोट गच्च होतं म्हणून काका दिवसातून दोनदा अर्धा चमचा खाण्याचा सोडा पाण्यातून घेत होते. दुपारी सून कामावर गेली की काकू उडदाचे दोन पापड भाजून देत. आणि रात्री पेजेबरोबर खारवलेल्या बांगड्याचा तुकडा. ‘त्याशिवाय पेज उतरत नाही ओ त्यांच्या घशाखाली. उपाशी झोपवू का?’

मी रागावले नाही. रागावण्यासारखं काही नव्हतंच. आठ तास उपाशी असलेल्या माणसाच्या तोंडात काहीतरी जावं, एवढीच त्या बाईची धडपड होती. पुढे कळलं की सोबत म्हणून त्याही अळणीच जेवत होत्या आणि त्यांचंही वजन उतरलं होतं.

सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. चहाच्या एका सपाट चमच्यात साधारण १२५० मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे तीन ग्रॅम मिठाएवढं. तो खारट लागत नाही म्हणून कुणाच्या हिशेबात येत नाही. दोन पापडांत चार-पाचशे मिलिग्रॅम. खारा बांगडा भिजवून पाणी टाकून दिलं तरी त्या तुकड्यात ग्रॅमभर मीठ उरत असणार, असा माझा अंदाज. शिवाय मुलाने आणलेलं ‘हलकं मीठ’ काका वरून भुरभुरवून घेत होते. सगळं मिळून सात ग्रॅम मिठाच्या आसपास, तेही ‘अळणी’ जेवणात. ताटातली चव गेली होती आणि सोडियम जागच्या जागी होतं.

काकांना मीठ परत दिलं

घरच्यांना माझा पहिला सल्ला विचित्र वाटला. सोडा, पापड आणि खारा बांगडा पूर्ण थांबवायचे आणि रोज सकाळी तीन ग्रॅम मीठ मोजून एका छोट्या डबीत काढून ठेवायचं. हे काकांचं दिवसाचं मीठ. शिजवताना घालायचं नाही, ताटात वरून घ्यायचं. वर राहिलेलं मीठ जिभेला आधी लागतं, त्यामुळे थोडक्यात भागतं. तीन ग्रॅम मिठात सुमारे १२०० मिलिग्रॅम सोडियम. दूध, मासे, भाज्या यांतलं नैसर्गिक सोडियम धरलं तरी दिवसाचा आकडा दोन हजारांच्या आत बसतो.

याहून खाली का नाही, असं सुनेने विचारलं. योग्य प्रश्न होता. २०२२ साली ‘लॅन्सेट’मध्ये सोडियम-एचएफ नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. सहा देशांतले ८०६ रुग्ण. एका गटाला दिवसाला १५०० मिलिग्रॅमच्या आत सोडियम ठेवायला सांगितलं, दुसऱ्याला नेहमीचा सल्ला. वर्षभरात मृत्यू, हृदयासाठी दाखल होणं आणि तातडीच्या विभागात जावं लागणं या एकत्रित मोजमापात दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही. रुग्णांना वाटणाऱ्या बरेपणात मात्र थोडी सुधारणा दिसली. त्या सहा देशांत भारत नव्हता आणि त्यातले रुग्ण मुळातच दोन-सव्वादोन हजार मिलिग्रॅमवर होते. आपल्याकडे दहा-तेरा ग्रॅम मीठ खाणाऱ्या घराला कमी करायला भरपूर जागा आहे, तेव्हा ‘मीठ मोकळं सोडा’ असा अर्थ त्यातून निघत नाही. पण पाच ग्रॅमच्या आत आलेल्या माणसाला शून्याकडे ढकलून त्याची भूक मारायची, याला आधार नाही. काकांच्या बाबतीत मला भुकेचीच जास्त भीती होती.

कालवण पुन्हा एकाच पातेल्यात होऊ लागलं. आले-लसूण, कोकम, चिंच, कोथिंबीर आणि घरचा मसाला, ज्यात मीठ नसतं. काकांचं आधी काढून घ्यायचं, मग इतरांनी आपापलं मीठ घालायचं. एका पातेल्यातलं जेवण मिळाल्यावर काका पहिल्यांदा सगळ्यांबरोबर बसले, असं काकू म्हणाल्या.

आषाढी एकादशी त्याच आठवड्यात होती आणि उपासाला सैंधव चालतं ना, अशी विचारणा झालीच. सैंधव हेही सोडियम क्लोराइडच. रंग आणि मान वेगळा, सोडियम जवळपास तेवढंच, आणि आयोडीन घातलेलं नसतं ते वेगळं.

इथे माझी चूक झाली

‘हलकं मीठ’ मी वहीत लिहिलं आणि पुढे गेले. पिशवीवर काय छापलंय, ते विचारलं नाही. कमी सोडियमच्या मिठात सोडियमचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. ज्यांची मूत्रपिंडं धडधाकट आहेत त्यांना रक्तदाबासाठी त्याचा फायदा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये त्याची शिफारसही केली, पण मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना आणि ज्यांच्या शरीरातून पोटॅशियम नीट बाहेर पडत नाही अशांना वगळून. स्पायरोनोलॅक्टोन आणि सॅक्युबिट्रिल-व्हाल्सार्टन ही दोन्ही औषधं पोटॅशियम अडवून धरतात. काका दोन्हींवर होते.

चार दिवसांनी ठरलेली रक्ततपासणी आली. पोटॅशियम ५.९, म्हणजे बरंच जास्त, आणि मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.४. मी फोन केला आणि मग तो प्रश्न विचारला, जो पहिल्या भेटीत विचारायचा होता. सुनेने पिशवीचा फोटो पाठवला. ‘पोटॅशियम क्लोराइड’ स्पष्ट छापलेलं होतं. शिवाय शेजारचे एक गृहस्थ ‘थंड असतं, लघवीला बरं’ म्हणून रोज एक शहाळं आणून देत होते. शहाळ्याच्या पाण्यात दर १०० मिलिलिटरला सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. एका मोठ्या शहाळ्यात सहज सहा-सातशे.

हृदयरोगतज्ज्ञांना लगेच कळवलं. त्याच दिवशी ईसीजी झाला, तो ठीक निघाला. स्पायरोनोलॅक्टोन तात्पुरतं थांबवून नंतर निम्म्या मात्रेत सुरू केलं. हलकं मीठ आणि शहाळं बंद. सहाव्या दिवशी पोटॅशियम ४.८. निभावलं. पण ५.९ वरून पुढे जाऊन हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि त्याची चाहूल रुग्णाला लागतेच असं नाही. तेव्हापासून माझ्या तपासणीच्या कागदावर मिठाच्या पिशवीचा फोटो मागण्याची स्वतंत्र ओळ आहे. काढा, चूर्ण, ज्येष्ठमध आणि दुखण्याच्या गोळ्या यांचीही. ज्येष्ठमध बरेच दिवस घेतलं तर शरीर सोडियम धरून ठेवतं आणि पोटॅशियम गमावतं. गुडघेदुखीच्या गोळ्या पाणी साठवतात. हे सगळं ‘आहार’ या शब्दाखाली कुणी सांगत नाही.

मासेमारी बंदीतली प्रथिनं

१ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते. ताजी मासळी कमी, महाग आणि बर्फातली. कोळीवाड्यातलं घर अशा दिवसांत सुक्यावर चालतं. साठ ग्रॅम प्रथिनं उभी करायची, तीही दोन घासांत भरणाऱ्या पोटात. सरसकट ‘सुकं बंद’ म्हटलं असतं तर हाताशी असलेलं सगळ्यात दाट प्रथिन मी काढून घेतलं असतं.

म्हणून भेद केला. बोंबील आणि जवळा परंपरेने नुसते उन्हात वाळवतात. बांगडा, सुरमई मिठात मुरवतात. दोन्ही सुकेच, पण सोडियममध्ये फार अंतर. काकूंकडे नात्यातल्या बाईने वलांडीवर, म्हणजे वाळवणाच्या दोरीवर, वाळवलेले बोंबील होते, मीठ न लावलेले. बाजारात हल्ली मीठ मारलेलेही येतात, त्यामुळे विकणारी ओळखीची असावी लागते. दोनदा धुवून, भिजवून, ते पाणी फेकून, आठवड्यातून दोनदा २० ग्रॅम. त्यात जवळजवळ १२ ग्रॅम प्रथिनं.

बाकीचं असं बसवलं. सकाळी एक उकडलेलं अंडं, घट्ट नाचणीची खीर दुधातली. अकरा वाजता घरी फाडलेल्या दुधाचं पनीर, मीठ न घालता. दुपारी पाऊण भाकरी आणि घट्ट वरण, पाणीदार नाही. चारला शेंगदाणा-गुळाचा छोटा लाडू. रात्री मऊ भात, मुगाचं वरण किंवा अंड्याचं कालवण, वर चमचाभर तूप. निजताना अर्धा कप दूध. सहा वेळा, मूठ-मूठभर. पहिल्या आठवड्यात लाडू आणि पनीर दोन्ही उरत होते. काकूंनी पनीर भाकरीच्या पिठातच मळायला सुरुवात केली. ती युक्ती मी आता इतर घरांना सांगते.

नारळी पौर्णिमेनंतर ताजी मांदेली, बोंबील, बोय आली तेव्हा ताटाची चिंता निम्म्याने हलकी झाली.

पोषणाने खरंच फरक पडतो का, यावर हात राखून बोलायची सवय आपल्याला आहे. पण कुपोषित हृदयरोग्यांवर काम झालेलं आहे. स्वित्झर्लंडमधल्या एफर्ट चाचणीतले ६४५ हार्ट फेल्युअरचे रुग्ण २०२१ साली वेगळे तपासले गेले. दाखल असताना ज्यांचा आहार माणूस बघून आखला, त्यांच्यात तीस दिवसांतले मृत्यू ८.४ टक्के, नेहमीचं जेवण मिळालेल्यांत १४.८ टक्के. एखाद्या नव्या औषधाने असा फरक दाखवला असता तर त्याचे फलक लागले असते.

लोह आणि तांदूळ

हिमोग्लोबिन १०.८, शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ६२, दोन्ही कमी. घरी लोहाच्या गोळ्या आणि बिटाचा रस चालू होता. हार्ट फेल्युअरमध्ये शरीरातला दाह हेपसिडिन नावाचं संप्रेरक वाढवतो आणि ते पोटातलं लोह रक्तात शिरायची वाट अडवतं. २०१७ च्या आयर्नआउट चाचणीत तोंडाने दिलेल्या लोहाचा व्यायामक्षमतेवर उपयोग दिसला नाही. शिरेतून दिलेल्याचा दिसतो. तज्ज्ञांनी तसं दिलं. बीट थांबवलं, त्यातही पोटॅशियम भरपूर. इथे आहाराची हद्द संपते आणि ती मान्य करायला हवी.

फ्युरोसेमाइडबरोबर लघवीतून बी-१ जीवनसत्त्व म्हणजे थायमिनही जातं. पांढऱ्याशुभ्र पॉलिश तांदळात ते आधीच कमी. पूरक गोळ्यांचा ठोस फायदा मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालेला नाही, म्हणून मी तांदूळ बदलला. कोकणातला उकडा. भात तुसासकट उकडताना थायमिन दाण्याच्या आत मुरतं आणि कांडल्यावरही बरंचसं टिकतं. काकांच्या आईच्या घरी उकड्याचीच पेज असायची. त्यामुळे पटवावं लागलं नाही.

पाणी

एक लिटरच्या बाटलीने काकांना सगळ्यात जास्त छळलं होतं. जीभ कोरडी, रात्री झोप नाही. २०२५ साली नेदरलँड्समधल्या फ्रेश-अप चाचणीत ५०४ स्थिर रुग्णांमध्ये दीड लिटरची मर्यादा आणि मोकळीक यांची तुलना झाली. तीन महिन्यांनी प्रकृतीत लक्षणीय फरक नव्हता, तहानेचा त्रास मात्र मर्यादा घातलेल्यांना जास्त झाला. काका तेव्हा स्थिर नव्हते, त्यामुळे तो निष्कर्ष थेट लावता येत नव्हता. डॉक्टरांशी बोलून दीड लिटर ठरवलं, चहा-दूध-वरण धरून. सूज उतरल्यावर बाटलीच काढून टाकली, तहानेइतकं प्या म्हटलं.

पुढचे तीन महिने

सोडा-पापड थांबल्यावर बाराव्या दिवशी काटा ५४.२. घरात घबराट, ‘वजन उतरलं!’ पण धाप लागते म्हणून रात्री डोक्याखाली घ्यायच्या उशा तीनवरून एकीवर आल्या होत्या आणि पायात चप्पल सैल होत होती. हे पाणी गेलं होतं. तिथून पुढे जे चढेल ते खरं, असं मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून दिलं. पोट हलकं झालं तशी भूकही हळूहळू उघडली.

गणपतीत घोटाळा झाला. पाहुण्यांकडचं फरसाण, शेव, आणि कुणीतरी आग्रहाने दिलेलं मीठ-जिऱ्याचं ताक. तीन दिवसांत २.३ किलो चढले. पण रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाआधी, त्याच काट्यावर वजन करून लिहायचं ठरलेलं होतं आणि तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त चढलं तर थांबायचं नाही, हेही. सुनेने आरतीआधी डॉक्टरांना फोन केला. चार दिवस लघवीची गोळी वाढवली. दाखल व्हावं लागलं नाही.

ऑक्टोबरच्या मध्याला ५६.४ किलो, घोट्यावर खड्डा नाही, पकड २२ किलो. जुलैपासून एकदाही भरती नाही. इकोत पंपिंग ३३ टक्के आलं. त्याचं श्रेय मी जेवणाला देत नाही, त्यामागे औषधं आणि लोहही आहे. पकड अजून २८ च्या बरीच खाली आहे. म्हणून खुर्चीतून हात न टेकता उठायचा व्यायाम दिवसातून दोनदा सुरू केलाय आणि लाडू एकाचे दोन केलेत.

वजनाच्या वहीत दुसरा रकाना काकूंनी स्वतःच आखला. त्यात काय खाल्लं ते त्या लिहितात, पेन्सिलीने. गेल्या भेटीत त्यांनी ती माझ्यापुढे सरकवली आणि सगळ्यात खाली एक जागा दाखवली, जिथे तिसरा, नवा रकाना होता. त्यात एकच आकडा होता, ४७. त्यांचं स्वतःचं वजन. मार्चमध्ये ते ५२ होतं. पुढची वेळ मी त्यांच्या नावाने दिली आहे.